रेनो हाउटालाचा हात

मार्च संपत आला की रेनो हाउटालाला माणसांचा वीट येतो. एरवी तो माणसांशी फार गोड वागतो अशातला भाग नाही, पण मार्चमध्ये त्याला खरोखरच कुणाचं तोंड बघवत नाही. टॅमरॅक गावच्या तळ्यावरचा बर्फ तेव्हा अजून माणसं पेलण्याइतका जाड असतो आणि उत्तरेला सरहद्दीवरची नदी मात्र फुटून वाहू लागलेली असते. म्हणजे अर्धं गाव अजून बर्फाला भोकं पाडून त्यात गळ टाकून बसलेलं, तर उरलेल्या अर्ध्या गावाला होडी ट्रेलरवर घालून नदी गाठायची घाई. ही दोन्ही अर्धी रेनोच्या दुरुस्तीच्या शेडसमोर येऊन उभी राहतात. एकाच्या खांद्यावर बंद पडलेलं गिरमिट, दुसऱ्याच्या ट्रकमागे होडी. रेनोची पाठ एकच, आणि तीही आता सत्तरी ओलांडलेली.

गिरमिटांचं त्यातल्या त्यात बरं असतं. बर्फाला भोक पाडायचं हे यंत्र माणसाच्या छातीइतकं उंच, वर लहानसं इंजिन, खाली पिळाचं पातं. ते सुरू होत नसेल तर कारण ठरलेलं असतं. मालकाने गेल्या हिवाळ्यातलं पेट्रोल टाकीत तसंच सोडलेलं असतं, ते आटून कार्ब्युरेटरमध्ये चिकटा धरतो. इंजिन चालतंय पण बर्फ कापत नाही, असं कुणी म्हणालं की रेनो विचारतो, "उबेतून उचलून थेट बाहेर आणलंस ना?" समोरचा मान हलवतो. ओल्या पात्यावर बाहेरच्या थंडीत बर्फाचा पापुद्रा धरतो आणि पातं नुसतं घसरत राहतं. एवढी साधी गोष्ट, पण दर वर्षी नव्याने सांगावी लागते. मग मासे धरत बसायला बर्फावर उभारलेल्या खोपटीतली गॅसची शेगडी विझते म्हणून एकजण येतो, त्याच्या नळीत ओल गोठलेली असते. दुसऱ्याचं पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र पडद्यावर नुसत्या रेघा मारतं, कारण शेजारच्या खोपटीत तसंच यंत्र चालू असतं आणि दोन्ही एकमेकांच्या कानात ओरडत असतात. "शेजाऱ्याला सांग जरा बटण फिरवायला," रेनो म्हणतो. त्यावर तो माणूस खाली बघतो. तो नवं यंत्र आणेल, खोपटी उचलून तळ्याच्या पलीकडे नेईल, पण शेजाऱ्याला जाऊन असं काही बोलणार नाही. टॅमरॅकची माणसं अशीच आहेत. समोरच्याला वाईट वाटेल असा एक शब्द तोंडातून काढायचा तर त्यांचा जीव जातो, आणि याला ती चांगुलपणा म्हणतात.

ट्रेलरची गोष्ट वेगळी. ट्रेलर माणूस मारू शकतो. होडीचं वजन आसाच्या पुढे किती आणि मागे किती, यावर सगळं असतं. मागे जास्त झालं की बैलगाडी उलाळ व्हावी तशी ट्रकला जोडलेली पुढची दांडी वर उचलायला बघते, आणि हमरस्त्यावर जरा वेग घेतला की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. आधी थोडं, मग जास्त, मग तो ट्रकलाच दोन्हीकडे ओढतो. घाबरून ब्रेक मारला की सगळं वरातीसकट खड्ड्यात. उलट पुढे फार वजन झालं तर ट्रकचं बूड दबतं आणि पुढची चाकं रस्ता धरत नाहीत. होडीसकट ट्रेलरचं जेवढं वजन असेल त्याचा साधारण दहावा हिस्सा दांडीवर यायला हवा. बाकीचं जग त्यासाठी काटा वापरतं. टॅमरॅकमध्ये रेनोचा हात आहे.

तो दांडी ट्रकपासून सोडवतो, पाय फाकून उभा राहतो आणि उजव्या हाताने ती गुडघ्यापर्यंत उचलतो. उचलताना श्वास आपोआप अडकायला हवा. नाही अडकला तर दांडी हलकी. अडकून वर खोकला आला तर जड. मग तो होडीचं नाक ज्याला टेकतं तो पुढचा खांब पान्याने ढिला करतो, होडी वीतभर पुढे किंवा मागे सरकवतो, खांब कसतो, पुन्हा उचलतो आणि म्हणतो, "जा आता." हा हात त्याने लोखंडाच्या खाणीत कमावला. तिथे तो उमेदीची सगळी वर्षं जाडजूड साखळ्या उचलत होता. आर्डिसशी त्याचं लग्न जमलं तेही या हातामुळे. तिच्या बापाचा गवताचा ट्रेलर चिखलात रुतला होता, रेनोने एका हाताने दांडी उचलली आणि दुसऱ्या हातातली कॉफी सांडू दिली नाही. आर्डिस म्हणते की थोडी सांडली होती. ते काही असो, त्याने हात लावलेला ट्रेलर कधी डुलला नाही, अशी त्याची ख्याती पंचक्रोशीत झाली आणि रेनोला ती मनापासून आवडत होती.

त्याला चीड एकाच गोष्टीची. हिवाळाभर होडी कोठारात रिकामी पडलेली, म्हणून बर्फावरून आणलेलं सामान या गावात तिच्यातच फेकतात. गिरमिट, घसरगाडी, गॅसची टाकी, शिशाची वजनं, सगळं. आणि फेकायला सोपं म्हणून मागच्या टोकाला. वसंतात रेनोने दांडी जमवून दिल्यावर ही मंडळी घरी जाऊन पुन्हा तोच पसारा मागे भरतात. "होडी आहे की अडगळीची खोली?" तो प्रत्येकावर ओरडतो. माणसं हसतात, "बरोबर आहे रेनो," म्हणतात, आणि जातात.

त्या शुक्रवारी ऑर्विल स्टेनरुड आपलं गिरमिट न्यायला आला. ऑर्विल हा रेनोचा शाळेपासूनचा मित्र. वंशाने नॉर्वेचा, आणि गावातल्या नॉर्वेवाल्यांच्या चर्चची किल्ली त्याच्याकडे. रेनो फिनलंडवाल्यांपैकी. म्हणजे दोघांना एकमेकांची टिंगल करायला आयुष्यभराचं भांडवल.

"काय फिन्नड्या, आहेस अजून?"

"तुझं गिरमिट उघडल्यावर राहीनसं वाटलं नव्हतं. आत काय ओतलं होतंस, मत्स्यतेल?"

"पेट्रोलच होतं रे."

"कुठल्या सालचं?"

रेनोने गिरमिट जमिनीवर टेकवलं आणि दोरी ओढली. इंजिन नुसतं घुरघुरलं. त्याने पुन्हा ओढली, पुन्हा ओढली. खांद्यापासून बोटांपर्यंत हाताची आग व्हायला लागली. शेवटी त्याने दोरी सोडली आणि बाकावर टेकला.

"फार कडक आहे रे याचं इंजिन. दोरी ओढवत नाही. बघ तू."

ऑर्विलने दोरी हातात घेतली. क्षणभर तो रेनोकडे बघत राहिला, मग त्याने टाचा रोवल्या, तोंड वाकडं केलं, "बाप रे, खरंच की," असं म्हणत कण्हला आणि ओढली. गिरमिट पहिल्याच झटक्यात सुरू झालं. हा नॉर्वेवाला कधीपासून इतका लेचापेचा झाला, असं रेनोच्या मनात आलं.

"कर्टिसचं कळलं ना?" इंजिन बंद करून ऑर्विल म्हणाला. बोलताना तो गिरमिटाचं पातं निरखत होता.

कळलं होतं. कर्टिस व्होगल हा खालून आयोवाकडून आलेला तरुण, कागद गिरणीत कामाला, गावात येऊन त्याला जेमतेम दोन वर्षं झालेली. बुधवारी रेनोने त्याचा ट्रेलर जमवून दिला होता. गुरुवारी तो बायकोला घेऊन नदीवर निघाला आणि हमरस्त्यावर ट्रेलर डुलायला लागून ट्रक, होडी, सगळं बाजूच्या खड्ड्यात गेलं. कर्टिस वाचला. बायकोचं, जनीनचं, गळ्यापाशीचं हाड मोडलं.

"मागे पसारा भरला असणार," रेनो म्हणाला. "नवीन माणूस, तुमच्याकडे बघूनच शिकला. मी ओरडलो होतो त्याच्यावर."

"असेल," ऑर्विल म्हणाला.

"असेल काय? दुसरं काय असणार?"

"तेच म्हणतो मी. असेल." आणि त्याने गिरमिट खांद्यावर टाकलं. जाताना दारात थांबून तो हवेबद्दल काहीतरी बोलला.

रेनो बाकावरच बसून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याची मुलगी रोंडा डुलुथहून होडी न्यायला येणार होती. त्याचीच होडी, पण अलीकडे ती वसंतात आधी नदीवर आणि मग रोंडाकडे जायची आणि पानगळीला परत यायची. त्याच रस्त्याने, त्याच्याच हाताच्या भरवशावर. त्यामुळे कर्टिसच्या अपघातात दोष पसाऱ्याचा निघावा, एवढं एकच त्याला हवं होतं. त्याला त्या पोराबद्दल वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण पसारा मागेच असू दे, असं तो मनात पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि असं म्हणायची स्वतःची त्याला लाजही वाटत होती.

शनिवारी सकाळी तो अंगदुखीनेच उठला. बाथरूममध्ये दाढी करताना पायाखाली काहीतरी नेहमीसारखं नाही असं त्याला वाटलं. आर्डिसचा गुलाबी वजनकाटा, ज्याला रोज त्याच्या पायाचा अंगठा ठेचायचा, तो कोपऱ्यात नव्हता. बायकांचं काहीतरी चाललेलं असतं, असं म्हणून त्याने तोंड धुतलं.

रोंडा आली तेव्हा स्वयंपाकघरात वेलदोड्याच्या पावाचा वास सुटला होता. ती चाळिशीची, बापासारखीच रुंद खांद्याची, शाळेची बस चालवते. मायलेकी टेबलाशी काहीतरी हळू बोलत होत्या आणि रेनो आत येताच दोघींनी एकदम कॉफीचा विषय काढला.

"डॅड, बस ना जरा. दमलेला दिसतोस."

"बसलो की उठवत नाही. चल, तुझं आटपू."

अंगणात त्याने दांडी ट्रकपासून सोडवली, पाय फाकले आणि उचलली. श्वास अडकला. दांडी गुडघ्याच्या जरा खालीच होती तोच खोकला आला. त्याने ती टेकवली आणि दोन्ही हात मांड्यांवर ठेवून उभा राहिला.

"जड झालीये पुढे. होडी मागे घ्यायला हवी."

"अजून मागे?" रोंडाने विचारलं.

"आता तू मला शिकव."

"तसं नाही रे डॅड. नुसतं विचारलं."

त्याने खांब ढिला केला. पाना फिरवताना घाम फुटला आणि रोंडाने पाना मागितला तर त्याने दिला नाही. होडी वीतभर मागे घेतली, पुन्हा उचलून पाहिलं. आता कसं छान, श्वास अडकला आणि खोकला नाही. "जा आता," तो म्हणाला. रोंडाने त्याला मिठी मारली, जरा जास्तच वेळ, आणि ती गेली. आर्डिस दारातून हात हलवत होती आणि तिने एकदाही नवऱ्याकडे पाहिलं नाही.

ट्रकचा आवाज विरतोय न विरतोय तोच फाटकात दुसरी गाडी आली. कर्टिस होता. उसनी आणलेली गाडी, कपाळावर पट्टी. त्याच्या हातात रेनोचाच होडी बांधायचा पट्टा होता.

"हा द्यायचा राहिला होता, मिस्टर हाउटाला. आणि सॉरी म्हणायचं होतं. तुम्ही इतकं नीट करून दिलंत आणि मी सगळं घालवलं."

"बायको कशी आहे?"

"बरी आहे. म्हणजे, होईल बरी."

रेनोने पट्टा घेतला, हातावर गुंडाळला. जे विचारायचं होतं ते विचारायला त्याला वेळ लागला.

"मागे काय काय भरलं होतंस?"

"होडीत? काही नाही." कर्टिस गोंधळला. "तुम्ही ओरडलात ना, म्हणून घरी जाऊन झाडून काढली. गिरमिट, शेगडी, सगळं ट्रकमध्ये ठेवलं होतं. पेट्रोलचा डबासुद्धा."

"मागे काहीच नव्हतं?"

"एक स्पंज होता."

रेनो हातावरचा पट्टा सोडून पुन्हा गुंडाळू लागला.

"मीच जोरात चालवली असणार," कर्टिस घाईघाईने म्हणाला. "मला सवय नाही ना या रस्त्यांची. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

तो गेला आणि रेनो पट्टा हातात धरून अंगणात उभा राहिला. रिकामी होडी. रिकामी होडी डुलली. आणि आता रोंडा त्याच रस्त्याला लागली होती. त्याने तिला फोन लावला. ती उचलणार नाही हे त्याला लावतानाच माहीत होतं. मागे काही जोडलेलं असताना फोनला हात लावायचा नाही, हे त्यानेच तिला सोळाव्या वर्षी शिकवलं होतं, आणि रोंडा शिकवलेलं विसरत नाही. आर्डिस "अरे, थांब, ऐक तर," म्हणत मागून धावत आली, पण तोवर तो ट्रक सुरू करून फाटकाबाहेर पडला होता.

गावाबाहेर जाणारा रस्ता नॉर्वेवाल्यांच्या चर्चवरून जातो. रेनो त्या चर्चच्या आवारात जन्मात शिरला नव्हता, लग्नाकार्याला आला तरी बाहेर ट्रकमध्ये बसायचा. आज नजर दूरच्या वळणावर असूनही चर्चच्या मागच्या भिंतीआडून बाहेर आलेलं होडीचं इंजिन त्याला दिसलं. स्वतःच्या होडीचं बूड माणूस कुठेही ओळखतो. त्याने ट्रक वळवला.

चर्चमागे सपाट सिमेंटचं आवार आहे. तिथे ट्रेलर सोडवून ठेवलेला होता. दांडीखाली लाकडाचा ठोकळा, आणि ठोकळ्याखाली आर्डिसचा गुलाबी वजनकाटा. ऑर्विल गुडघ्यांवर बसून काट्यावरचा आकडा वाचत होता. रोंडा होडीच्या पुढच्या टोकाशी पाना घेऊन खांब ढिला करत होती. दोघांनी एकाच वेळी वर पाहिलं.

रेनो उतरला.

"अरे रेनो," ऑर्विल म्हणाला, "आज हवा जरा बरी आहे, नाही?"

"हा काटा माझ्या बाथरूममधला आहे."

"आईने दिला," रोंडा म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"आकडा काय आलाय?"

ऑर्विलने ठोकळ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे. "तसा अगदी—"

"ऑर्विल. आकडा."

"हवा त्याच्या निम्म्याहून कमी."

रेनोने मान हलवली. हे सगळं आपल्याला बुधवारपासूनच माहीत होतं असं त्याला वाटलं, किंवा त्याच्याही आधीपासून. दांड्या जड झाल्या नव्हत्या. गिरमिटांची इंजिनं कडक झाली नव्हती. हात गेला होता. हात थोडाथोडा जात होता आणि तो त्या हाताने सगळ्या गावाच्या होड्या थोड्याथोड्या मागे सरकवत होता.

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली, मी इथे थांबते," रोंडा म्हणाली. "डॅड, मी सांगणार होते. दर वेळी ठरवून यायचे. मग तू 'जा आता' म्हणायचास आणि माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही."

"आणखी कोण येतं?"

ऑर्विलने गुडघे झटकले. "ही जागा सपाट आहे ना. लोक थांबतात."

"कोण लोक?"

"असेच. आपले."

"सगळे?"

"सगळे नाही रे." तो थोडा थांबला. "जवळजवळ."

"मग माझ्याकडे कशाला मरायला येता?" रेनो इतक्या जोराने ओरडला की चर्चच्या छपरावरचे कावळे उडाले. "सरळ इथेच या ना! मी काय जत्रेतलं अस्वल आहे? आधी त्याचा खेळ बघायचा, मग कामाला लागायचं?"

"आयुष्यभर तुझ्याकडे आलो. एकदम यायचं बंद केलं तर तुला काय वाटलं असतं?"

"आणि त्या पोराला कुणी सांगितलं?"

कर्टिसला गावात येऊन दोनच वर्षं झालेली. त्याला रेनोकडे जायला सगळ्यांनी सांगितलं होतं. रेनोकडून निघाल्यावर चर्चमागे थांबायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण ते कुणी कुणालाच तोंडाने सांगितलेलं नव्हतं. ते ज्याचं त्याने जाणलेलं होतं.

"मला वाटलं, गिरणीतलं कुणी सांगेल," ऑर्विल पुटपुटला. "शपथ, तसंच वाटलं."

"त्याच्या बायकोचं हाड मोडलंय, ऑर्विल. मला वाईट वाटू नये म्हणून."

ऑर्विलने टोपी काढली आणि नुसतीच हातात धरली. रोंडा रडत होती. रेनोला दोघांचाही राग आला होता आणि त्याहून जास्त थकवा. घरी जाऊन आडवं व्हावं आणि मार्च संपेपर्यंत उठू नये असं त्याला वाटत होतं. पण समोर अर्धवट सुटलेला खांब होता, आणि अर्धवट काम सोडून जायची त्याला सवय नव्हती.

"घ्या होडी पुढे," तो म्हणाला. "वीतभर घ्या. अजून. बॅटरी मागे आहे, ती उचलून नाकात ठेवा. आता खांब आवळा. काय सांगतोय काटा?"

"बरोबर आला," ऑर्विल म्हणाला.

"ठोकळा काढ. काटा बाजूला घे."

"डॅड, कशाला—"

"काढ म्हणतो ना."

तो पाय फाकून उभा राहिला. उजवा हात दांडीखाली घातला. ही होती खरी, नीट जमलेली दांडी, जशी तो हजारदा उचलत आला होता. त्याने जोर लावला. श्वास अडकला, डोळ्यांपुढे अंधारी आली, कोपरातून कळ खांद्यापर्यंत गेली. दांडी जमिनीवरून हलली नाही. त्याने दोन्ही हात लावले. तरी नाही. मग तो सरळ झाला आणि पुष्कळ वेळ खोकत राहिला. रोंडाने त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो त्याने राहू दिला.

"म्हणजे ही अशी लागायला हवी होती हाताला," तो म्हणाला.

त्याने काटा उचलून काखेत मारला. रोंडा म्हणाली मी येते बरोबर, तू कुठे निघालास. "तू नदीवर जा," रेनोने सांगितलं. "तुझी दांडी आता ठीक आहे."

कर्टिसचं घर तळ्याच्या वरच्या अंगाला. दार त्यानेच उघडलं. जनीन सोफ्यावर उशांना टेकून बसली होती, हात गळ्यात बांधलेला, गालाचा रंग उतरलेला. रेनो काखेत गुलाबी काटा घेऊन दाराच्या पायपुसण्यावरच उभा राहिला.

"मिस्टर हाउटाला, या ना, कॉफी—"

"नंतर. आधी ऐक. चूक तुझी नव्हती. दांडी हलकी होती. मीच हलकी करून दिली होती. माझ्या हातात जोर राहिला नाही, आणि मला वाटत राहिलं दांडीच जड आहे. गावात बहुतेकांना माहीत होतं. तुला कुणी सांगितलं नाही."

कर्टिस लाजून लाल झाला. "छे छे, असं कसं. मी जोरात होतो—"

"किती जोरात होतास?"

"पंचावन्न मैलांवर असेन."

"त्याला जोरात म्हणत नाहीत."

"मग वारा होता. आणि रस्ताही तिथे खराबच आहे. खरंच, तुम्ही असं काही मनात आणू नका—"

"अरे, पुरे कर!" रेनोने दाराच्या चौकटीवर मूठ आपटली. ती फारशी वाजली नाही. "दोन वर्षं झाली तुला इथे येऊन, आणि तुलाही लागली ही खोड? मला गोंजारू नकोस. तुझ्या डोळ्यांदेखत तुझी बायको अशी बसलीये. जे झालं ते म्हण. एकदा कुणीतरी माझ्या तोंडावर म्हणा."

कर्टिस जमिनीकडे बघत राहिला. त्याच्याने ते होईना.

"तुमचा हात चुकला," सोफ्यावरून जनीन म्हणाली. तिचा आवाज बारीक होता पण ती सरळ रेनोकडे बघत होती. "आणि मला फार दुखतंय. कूस बदलता येत नाही. मला तुमचा खूप राग आलाय."

"जनीन," कर्टिस म्हणाला.

"त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं."

रेनोच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला त्याने हात वर केला नाही. तीन वर्षांत त्याच्याशी कुणी इतकं नीट बोललं नव्हतं.

"थँक यू," तो म्हणाला. त्याने काटा भिंतीला टेकवून ठेवला, आणि जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याच्या घरात बसायला खुर्ची मागितली.